पिझ्झ्याचा उंडा

पिझ्झा हा पदार्थ आतां शहरांतील मराठी घरांना नवा राहिलेला नाहीं. मुलांच्या वाढदिवसाला तो लागतो, परीक्षा संपल्याच्या दिवशीं तो लागतो, आणि रविवारीं सायंकाळीं चूल पेटविण्याचा कंटाळा आला म्हणजे तर त्याची आठवण हटकून होते. परंतु या पदार्थाविषयीं जें कांहीं बोललें जातें तें बहुतेक त्याच्या वरच्या भागाविषयीं असतें. चीज किती घातलें, भाज्या कोणत्या घातल्या, टोमॅटोचा रस आंबट झाला कीं गोड, याची चर्चा होते. ज्या पोळीवर हा सगळा संसार मांडलेला असतो त्या पोळीकडे मात्र कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. घरीं केलेला पिझ्झा फसला म्हणजे ओव्हनला दोष दिला जातो. दहांपैकीं आठ वेळां तो दोष ओव्हनचा नसून त्या पोळीच्या पिठाचा असतो.

या पोळीचें भिजविलेलें पीठ, म्हणजे तिचा उंडा, घरच्या घरीं इटालियन पद्धतीनें कसा तयार करावा, आणि तो तयार होत असतांना त्याच्या पोटांत काय घडतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट या चारच वस्तूंचा हा खेळ आहे. चारही वस्तु कोणत्याही वाण्याकडे मिळतात. पांचवी वस्तु मात्र विकत मिळत नाहीं, आणि घरच्या कृतींत बहुधा तीच कमी पडते. ती वस्तु म्हणजे वेळ.

इटालियन लोक या पदार्थाला 'पीत्सा' म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. नेपल्सच्या वायव्येस असलेल्या गाएता या गांवच्या, इ. स. ९९७ मधील एका लॅटिन दस्तऐवजांत तो आढळतो. त्या काळच्या पोळीवर टोमॅटो असणें शक्यच नव्हतें. टोमॅटो अमेरिकेंतून युरोपांत आला तो सोळाव्या शतकांत. आज जगभर ओळखला जाणारा पिझ्झा घडला तो नेपल्सच्या गल्ल्यांतून, आणि तो घडविला तेथील गरिबांनीं. अलेक्झांद्र द्यूमा या फ्रेंच कादंबरीकारानें १८४३ सालच्या आपल्या प्रवासवर्णनांत नेपल्सचा गरीब मनुष्य उन्हाळ्यांत कलिंगडावर आणि हिवाळ्यांत पिझ्झ्यावर जगतो असें नमूद केलें आहे. तेल, चरबी, चीज, टोमॅटो किंवा लहान मासे, जें ज्याला परवडेल तें त्यावर असे. मातिल्दे सेराओ या लेखिकेनें १८८४ सालीं नेपल्सच्या दैन्यावर एक पुस्तक लिहिलें. पिझ्झ्याचे तुकडे करून ते पोऱ्यांच्या हातीं रस्त्याच्या कोपऱ्यावर विकावयास पाठवीत, याचें वर्णन त्यांत आहे. या बाईंनीं पिझ्झ्याची भलावण मुळींच केलेली नाहीं. पोळी दाट असते, बाहेरून करपते आणि आंत शिजत नाहीं, अशीच त्यांची तक्रार आहे. म्हणजे खुद्द नेपल्समध्येंही वाईट उंड्याचा पिझ्झा वाईटच होत असे, हें आपल्याला दिलासा देणारें आहे.

इ. स. १८८९ मध्यें राणी मार्गेरिता हिच्यासाठीं राफाएले एस्पोसितो या कारागिरानें टोमॅटो, चीज आणि तुळशीच्या जातीचीं हिरवीं पानें घालून पिझ्झा केला, व त्याला राणीचें नांव मिळालें, ही कथा पुष्कळांनीं ऐकली असेल. तिच्या सत्यतेविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. कथा खरी असो वा नसो, राणीच्या ताटांत गेला म्हणून पिझ्झ्याचा उंडा बदलला नाहीं. तो गरिबाचाच राहिला: पीठ, पाणी, मीठ आणि खमीर.

हा उंडा आज कसा केला जातो याचा लेखी नियम उपलब्ध आहे. नेपल्समध्यें १९८४ सालीं अस्सल पिझ्झ्याच्या रक्षणासाठीं एक संघ स्थापन झाला, आणि पुढें २०१० सालीं युरोपीय संघानें नेपल्सच्या पिझ्झ्याला पारंपरिक पदार्थ म्हणून मान्यता देतांना त्याची कृति आपल्या नियमपत्रांत घातली. तींत १ लिटर पाण्याला ५० ते ५५ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम ताजें यीस्ट आणि सुमारें १८०० ग्रॅम पीठ असें प्रमाण आहे. साखर नाहीं, दूध नाहीं, तेलही नाहीं. मळलेलें पीठ ओल्या फडक्याखालीं २ तास ठेवावयाचें, मग १८० ते २५० ग्रॅमचे उंडे करावयाचे, आणि ते उंडे आणखी ४ ते ६ तास फुगूं द्यावयाचे. भट्टीची फरशी ४८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते आणि तींत पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो.

या आंकड्यांपैकीं एका आंकड्याकडे विशेष लक्ष द्यावें. १८०० ग्रॅम पिठाला ताजें यीस्ट फक्त ३ ग्रॅम. बाजारांत सहज मिळणारें कोरडें यीस्ट ताज्याच्या सुमारें एक तृतीयांश पुरतें. म्हणजे हिशेबानें तें १ ग्रॅम झालें. आतां घाईच्या कृती पाहाव्या. त्यांत ५०० ग्रॅम मैद्याला ७ ग्रॅम कोरडें यीस्ट, वर चमचाभर साखर आणि कोमट पाणी, व 'एका तासांत पीठ दुप्पट' असें आश्वासन असतें. त्रैराशिक मांडल्यास असें दिसेल कीं या घाईच्या उंड्यांत नेपल्सच्या उंड्यापेक्षां सुमारें पंचवीसपट यीस्ट पडतें. पीठ एका तासांत दुप्पट होतें ही गोष्ट खरी; परंतु त्याला यीस्टचा उग्र वास येतो, पोळी भाजल्यावर पांढुरकी राहते, आणि गार होतांच चामड्यासारखी होते. उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्याला बाशिंग बांधल्यानें मुहूर्त कांहीं लवकर येत नाहीं.

असें कां होतें हें समजण्यासाठीं पिठाच्या पोटांत चाललेलीं दोन कामें ओळखून घेतलीं पाहिजेत.

पहिलें काम यीस्टचें. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीव पेशी. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यानें १८५७ पासूनच्या आपल्या संशोधनांत, आंबणें ही केवळ रासायनिक कुज नसून सजीवांचें कार्य आहे, हें दाखवून दिलें. या पेशी पिठांतील साखर खातात आणि कर्बवायु व थोडें मद्यार्क निर्माण करतात. वायूनें पीठ फुगतें. मद्यार्क भाजतांना उडून जातें. पिठांत साखर आरंभीं फारच थोडी असते. परंतु पाणी पडल्याबरोबर पिठांतीलच एन्झाइमें पिष्टाचें साखरेंत रूपांतर करूं लागतात. हें रूपांतर सावकाश होतें. वेळ दिला तर यीस्टला पुरून उरेल इतकी साखर पिठांत आपोआप तयार होते आणि त्या उरलेल्या साखरेमुळेंच पोळीला तांबूस रंग चढतो. वेळ न दिला तर ती साखर वरून घालावी लागते. घाईच्या कृतींत साखर कां असते याचें उत्तर येथें आहे.

दुसरें काम गव्हाच्या चिकाचें. बोलोन्या येथील याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी या शास्त्रज्ञानें १७२८ सालीं, गव्हाचें पीठ पाण्यांत धुतलें असतां एक चिवट पदार्थ शिल्लक राहतो, हें दाखविलें. हा प्रयोग कोणत्याही घरांत मुलांना करून दाखवितां येईल. लिंबाएवढा मैद्याचा घट्ट गोळा अर्धा तास पाण्यांत बुडवून ठेवावा आणि मग पाण्याच्या बारीक धारेखालीं हळूहळू चुरीत जावें. दुधासारखें पांढरें पाणी वाहून जातें; तें पिष्ट होय. शेवटीं हातांत रबरासारखा ताणला जाणारा एक करडा गोळा उरतो. तोच चीक, शास्त्रीय भाषेंत त्याला ग्लूटेन म्हणतात. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठावर हाच प्रयोग केला तर हातांत कांहींही उरत नाहीं. भाकरीचें पीठ ताणलें जात नाहीं आणि यीस्ट घालून फुगत नाहीं, याचें कारणही हेंच.

यीस्टनें केलेला वायु कोंडून ठेवणारी पिशवी या चिकाची असते. ती बळकट करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पीठ पुष्कळ मळणें. आणि दुसरा, पीठ भिजवून स्वस्थ ठेवणें. पाणी मिळालें कीं चिकाचे धागे आपसांत आपोआप जुळूं लागतात. पुरणपोळीची कणीक तिंबून दोन तास झांकून ठेवणाऱ्या सुगरणीला हें सांगावयास नको. मीठ या धाग्यांना घट्टपणा आणतें आणि यीस्टच्या वेगाला लगाम घालतें. म्हणून पिझ्झ्याच्या उंड्यांत मीठ केवळ चवीपुरतें नसतें. तें विसरलें तर पीठ सैल पडतें आणि वाजवीपेक्षां लवकर आंबून जातें.

आतां प्रश्न उरतो हवामानाचा. नेपल्सच्या कारागिराचे तास महाराष्ट्रांतील स्वयंपाकघराला जसेच्या तसे लागू पडत नाहींत. उष्णता आठ-दहा अंशांनीं वाढली कीं यीस्टचा वेग साधारण दुप्पट होतो. मुंबईच्या किंवा नागपूरच्या उन्हाळ्यांत जें पीठ तीन तासांत तयार होतें, त्यालाच पुण्याच्या डिसेंबरांत आठ तास लागूं शकतात. इडलीचें किंवा आंबोळीचें पीठ घालणाऱ्या घरांत हें ज्ञान पिढ्यान् पिढ्या आहे. तेथें घड्याळ न पाहतां पिठाकडे पाहतात. तोच नियम येथें पाळावा. गोव्याचे पोदेर पूर्वीं पाव फुगविण्यासाठीं माडाची सूर वापरीत; आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे. तेव्हां या किनाऱ्याला खमिराची ओळख आज झालेली नाहीं.

आपल्या उष्णतेवर आजच्या घरांत एक सोपा उपाय आहे, तो म्हणजे शीतकपाट. चार-पांच अंशांच्या थंडींत यीस्ट जवळजवळ झोपीं जातें. परंतु एन्झाइमांचें काम मंदगतीनें चालूं राहतें. रात्रभर थंडींत ठेवलेल्या पिठाला जी चव आणि जो रंग येतो तो तासाभराच्या पिठाला कधींच येत नाहीं. इटलींतही पुष्कळ कारागीर आतां हीच युक्ति वापरतात.

पिठाविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे. इटालियन कृतींत 'दोन शून्यांचें पीठ' सांगितलेलें असतें, आणि तें न मिळाल्यामुळें पुष्कळजण हिरमुसले होतात. हीं दोन शून्यें पिठाची शुभ्रता, म्हणजे कोंडा किती काढून टाकला आहे, हें दाखवितात. चीक किती आहे हें दाखवीत नाहींत. आपला मैदा शुभ्रतेंत त्याच्या जवळचाच आहे. फक्त पुष्कळ ठिकाणच्या मैद्यांत चीक थोडा कमी असतो. म्हणून पुडीवर प्रथिनांचें प्रमाण पाहून १०० ग्रॅमला १० ते १२ ग्रॅम प्रथिनें असलेला मैदा निवडावा. केवळ कणकेचा पिझ्झा करावयाचा असेल तर कोंड्याचे कण चिकाचे धागे कापतात व पाणीही अधिक पितात, हें लक्षांत ठेवावें. आरंभीं तीन भाग मैदा आणि एक भाग कणीक इतकेंच मिश्रण करावें आणि पाणी थोडें वाढवावें.

आतां प्रत्यक्ष कृति. चार मध्यम पिझ्झ्यांसाठीं ५०० ग्रॅम मैदा, ३२५ ग्रॅम पाणी, १२ ग्रॅम मीठ, १ ग्रॅम कोरडें यीस्ट आणि १ मोठा चमचा तेल घ्यावें. पाणीसुद्धां वजनानेंच घ्यावें. वाटीच्या मापानें मैदा कधीं दाबून भरला जातो, कधीं सैल, आणि सगळा हिशेब चुकतो. बारीक काटा नसेल तर यीस्ट चहाच्या चमच्याचा सपाट चतुर्थांश, आणि मीठ तसलेच सपाट दोन चमचे, हें माप पुरें. उन्हाळ्यांत पाणी माठांतलें घ्यावें, थंडींत साधें. गरम कधींही घेऊं नये, कारण ५५ ते ६० अंशांच्या उष्णतेंत यीस्ट मरतें.

नेपल्सच्या प्रमाणांत शंभर भाग पिठाला सुमारें छप्पन्न भाग पाणी पडतें; येथें तें पांसष्ट भाग घेतलें आहे. त्याचें कारण असें कीं नेपल्सचा पिझ्झा दीड मिनिटांत भाजून निघतो, आणि घरच्या ओव्हनमध्यें त्याला आठ-दहा मिनिटें लागतात. इतक्या वेळांत पोळींतलें पुष्कळ पाणी उडून जातें. आधींच पाणी कमी असलें तर पोळीचें बिस्किट होतें. चमचाभर तेलही याच कारणानें घातलें आहे. नेपल्सच्या नियमांत तें बसत नाहीं, परंतु घरच्या मंद आंचेवर तें पोळीला मऊ ठेवतें.

परातींत पाणी घेऊन त्यांत यीस्ट विरघळवावें आणि सगळा मैदा घालून, कोरडें पीठ कोठें दिसणार नाहीं इतकेंच तें कालवावें. मग झांकून वीस मिनिटें स्वस्थ बसावें. या वीस मिनिटांत चीक आपलें निम्मे काम करून टाकतो. नंतर मीठ व तेल घालून आठ-दहा मिनिटें मळावें. पीठ प्रथम हाताला चिकटेल. येथेंच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते मूठमूठ मैदा वाढवितात. तसें करूं नये. हात ओला करावा आणि मळीत राहावें. थोड्या वेळानें पीठ परात सोडून गोळ्याला धरूं लागतें. पुरें मळलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सुपारीएवढा तुकडा घेऊन बोटांनीं हळूहळू ताणावा. न फाटतां पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला कीं काम झालें. नेपल्सचे कारागीर या अवस्थेला 'पुंतो दि पास्ता' म्हणतात.

मळलेलें पीठ तेलाचें बोट लावलेल्या भांड्यांत ठेवून वर ओलें फडकें घालावें. दीड-दोन तासांनीं तें थोडें फुगलेलें दिसेल. उन्हाळ्यांत एका तासांतच दिसेल. तेव्हां भांड्यावर घट्ट झांकण बसवून तें शीतकपाटांत ठेवावें आणि अठरा ते चोवीस तास विसरून जावें. दुसऱ्या दिवशीं पीठ बाहेर काढून त्याचे चार समान भाग करावे. प्रत्येक भागाच्या कडा खालीं वळवीत वळवीत, वरून ताणलेला, गुळगुळीत उंडा करावा आणि ते सुटे सुटे मांडून झांकून ठेवावे. उन्हाळ्यांत दीड तास, हिवाळ्यांत तीन तास, इतक्यांत ते पसरट आणि गुबगुबीत होतात. बोटानें हलकेंच दाबलें असतां खळगा सावकाश भरून आला म्हणजे उंडा तयार. खळगा ताबडतोब उसळून आला तर अजून थांबावें. मुळींच भरून आला नाहीं तर वेळ अधिक झाला असें समजून तत्काळ भाजावयास घ्यावें.

यानंतर पोळी पसरणें. येथें मराठी स्वयंपाकघरांतील एक संवय मोडावी लागते आणि दुसरी उपयोगीं पडते. मोडावयाची संवय लाटण्याची. चोवीस तास वाट पाहून उंड्यांत जो वायु जमविला तो लाटणें एका फेऱ्यांत पिळून काढतें. उपयोगीं पडणारी संवय भाकरी थापण्याची. कोरड्या पिठावर उंडा ठेवून मध्यापासून कडेकडे बोटांच्या पेरांनीं तो दाबीत न्यावा, आणि बाहेरची बोटभर कड तशीच सोडावी. आंतला वायु त्या कडेंत जाऊन बसतो आणि भाजतांना ती फुगून उठते. या फुगलेल्या कडेला इटालियन लोक 'कॉर्निचोने' म्हणतात, आणि उंडा किती चांगला झाला याची साक्ष तीच देते. पोळी ताणतांना आखडून मागें येत असेल तर जोर करूं नये. दहा मिनिटें झांकून ठेवावी. चीक सैल झाला म्हणजे ती आपण होऊन ऐकते.

भाजण्याची गोष्ट मात्र प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. घरच्या विजेच्या ओव्हनची उष्णता २३० ते २५० अंशांपलीकडे सहसा जात नाहीं. नेपल्सची ४८५ अंशांची भट्टी घरांत येणें नाहीं, आणि तिचा ठिपक्याठिपक्यांनीं करपलेला पिझ्झाही घरांत येणें नाहीं. परंतु इटली म्हणजे केवळ नेपल्स नव्हे. रोममध्यें लोखंडी ताटांत पसरून भाजलेला, अधिक पाण्याच्या पिठाचा पिझ्झा मिळतो. जेनोव्हामध्यें तेल आणि मीठ लावलेली 'फोकाच्चा' आहे. या पोळ्या मंद आंचेवर अधिक वेळ भाजल्या जातात आणि त्यांच्या चालीनें गेल्यास घरचा ओव्हन अपुरा वाटत नाहीं. जाड लोखंडी तवा ओव्हनमध्यें पालथा घालून, सर्वांत अधिक उष्णतेवर अर्धा-पाऊण तास तापवावा आणि पिझ्झा त्यावर सरकवावा. खालून तवा आणि वरून हवा अशी दुहेरी आंच लागली म्हणजे सात ते दहा मिनिटांत पोळी होते.

ज्यांच्या घरीं ओव्हन नाहीं त्यांनींही निराश होऊं नये. जाड तवा चांगला तापवून त्यावर पसरलेली पोळी टाकावी. वर बुडबुडे उठले कीं उलटावी, भाजलेल्या बाजूवर टोमॅटो आणि चीज पसरावें, आणि झांकण ठेवून मंद आंचेवर चार-पांच मिनिटें ठेवावी. याहूनही जुना आणि अस्सल नेपल्सचाच दुसरा मार्ग म्हणजे तळणें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या उद्ध्वस्त शहरांत भट्टी आणि लांकूडफाटा ज्यांना परवडत नसे अशा घरांतील स्त्रिया दारांत कढई मांडून तळलेला पिझ्झा विकीत. तो आज खावा आणि पैसे आठ दिवसांनीं द्यावे, अशीही चाल होती. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९५४ सालच्या 'लोरो दि नापोली' या चित्रपटांत सोफिया लॉरेन यांनीं अशीच एक पिझ्झेवाली उभी केली आहे. त्याच उंड्याची पातळ पोळी करून आंत थोडें चीज भरावें, करंजीप्रमाणें कडा नीट दाबून घ्याव्या आणि चांगल्या तापलेल्या तेलांत तळावी. कडा सुटणार नाहींत एवढी काळजी घेतली कीं झालें.

पिझ्झा बिघडलाच तर कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. पोळी फाटली तर मळणें अपुरें झालें किंवा पीठ अति आंबलें. मध्यभाग कच्चा राहिला तर वर ओझें फार झालें. टोमॅटोचा रस आधीं गाळून घ्यावा आणि चीजचें पाणी टिपून घ्यावें. पोळी कडक झाली तर पाणी कमी पडलें किंवा ओव्हन पुरता तापण्यापूर्वींच ती आंत गेली. कड पांढरी राहिली तर एक तर आंच कमी होती, नाहीं तर पीठ इतकें आंबलें होतें कीं त्यांतली साखरच संपून गेली होती. या प्रत्येक दोषाला पुढच्या खेपेस उपाय आहे, आणि एकदां तो सांपडला म्हणजे कायमचा सांपडतो.

कोणी म्हणेल, चोवीस तास वाट पाहावयाची तर तयार पोळ्यांची पुडी आणलेली काय वाईट? ही शंका रास्त आहे. ज्या घरांत दोघेंही सकाळीं कामावर जातात तेथें वेळ ही चैनीची वस्तु झाली आहे. परंतु कृति पुन्हां एकदां मनांत मांडून पाहावी. या चोवीस तासांत माणसाचे हात पिठाला लागतात ते सगळे मिळून अर्धा तास. उरलेलें काम पीठ करतें, तेंही बहुतेक आपण झोपेंत असतांना. येथें घराकडून मागितली जाते ती श्रमाची नव्हे, तर आदल्या दिवशीं आठवण ठेवण्याची गोष्ट. नेपल्सच्या गरिबाजवळ पैसा नव्हता म्हणून त्यानें चार स्वस्त वस्तूंना वेळाची जोड दिली आणि त्यांतून जगाला आवडलेलें अन्न तयार झालें. आजच्या घरांत पैसा आहे, तेव्हां चीज वाढविलें जातें, यीस्ट वाढविलें जातें, वरचें सामान वाढविलें जातें. वाढत नाहीं तो वेळ, आणि म्हणून पोळी बिघडते. डिसेंबर २०१७ मध्यें युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत नेपल्सची नोंद केली ती पिझ्झा या पदार्थाची नव्हे, तर पिझ्झा करणाऱ्या कारागिराच्या कलेची. आणि ही कला मुख्यतः दुकानांत धन्याचे हात पाहून, आणि घरांतही, शिकली जाते असें त्या नोंदींत म्हटलें आहे. पुडी फोडून ती शिकतां येत नाहीं. पीठ फुगतांना पाहणारें मूल मात्र ती नकळत शिकतें, आणि त्याबरोबर थोडें पाश्चर आणि थोडें बेक्कारीही शिकतें.

शेवटीं एक सूचना. पहिल्या खेपेस चारांपैकीं एका पोळीवर कांहींही घालूं नये. तीवर केवळ चमचाभर तेल आणि चिमूटभर जाडें मीठ पसरून ती भाजावी आणि गरम असतांनाच तोडून सर्वांना वाटावी. रोमचे लोक अशी पोळी 'पिझ्झा बियांका', म्हणजे पांढरा पिझ्झा, या नांवानें आवडीनें खातात. ती तशी नुसतीच संपली, आणि मुलांनीं दुसरी मागितली, तर उंडा साधला असें समजावें. मग उरलेल्या तीन पोळ्यांवर ज्याला जें हवें तें त्यानें खुशाल घालावें.